चार मिनिटं अठरा सेकंद

सावद्याच्या स्टँडसमोर माझं दुकान, एका शटरचं.
आधी मी मेमरी कार्डं भरून द्यायचो,
वीस रुपयांत पाचशे गाणी.
नखाएवढं कार्ड ड्रायव्हर दातात धरून न्यायचे,
हरवलं की पुन्हा वीस रुपये.
त्या हरवण्यावर मी मोटारसायकल घेतली.

आता कार्ड कोणी मागत नाही.
म्हणतात, दादा, तुमच्या वायफायवर उतरवू द्या.
मी उतरवू देतो. ते चहा पाजतात.

लुकमान तडवी गाडी भरायला लावून यायचा.
पलीकडे घड चढू राहायचे,
खाली पाला, वर पाला,
मधे हिरवीगार केळी, दिल्लीला जाऊन पिकणारी.
इकडे गाणी उतरू राहायची.
प्रत्येकापुढे एक बारकं चक्र
फिरायचं, भरायचं, हिरवं व्हायचं.
"तुझे दोन्ही माल हिरवेच जाऊ राहिले," मी म्हणालो.
तो हसला नाही. टक्के बघत होता.

खातं एक, फोन दोन.
एक त्याचा, काच तडकलेला.
दुसरा नसीबाचा,
पालच्याही वर, पाड्यावर राहणारा.
"दोन्हींत सारखीच टाका, दादा. ओळीनं.
वरचं वर, खालचं खाली."
मी म्हणालो, एवढं काय अडलं?

मग त्यानं सांगितलं, फोनकडेच बघत.
पाड्यावर रेंज नाही, बोलायचं तर पालला उतरावं लागतं.
म्हणून रात्री नऊला, गाडी कुठंबी असो,
तो पहिलं गाणं लावतो.
तीबी लावते.
एकदा उतरलेल्या गाण्याला रेंज लागत नाही.
"तिसरं सुरू झालं की मला माहीत राहतं,
तिचंबी तिसरंच चालू आहे."

घरी बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, आणि तुम्ही शेजारी पडून
भलतंच काही बघत राहता.

एप्रिलात, बाजाराच्या दिवशी, नसीबा आली.
चारोळीची पिशवी खाली, फोन काउंटरवर.
चार्जिंगची पिन ढिली झाली होती, तेवढंच काम.
मी पिन साफ करेपर्यंत
फोननं ओळखीचं वायफाय आपोआप धरलं,
दोनदा थरथरला
आणि यादीतलं पाचवं गाणं राखाडी पडलं.
दाबलं तर लिहून आलं, आता उपलब्ध नाही.
कंपनी-कंपनीचं काही फाटलं असेल.
आमच्यापर्यंत नुसता रंग पोचतो.

"त्या जागी दुसरं टाकून देतो," मी घाईनं म्हणालो.
माझंच वायफाय होतं ना.
ती म्हणाली, "त्याच्यात आहे का ते?"
गाडी ग्वाल्हेरच्या पुढे कुठेतरी होती,
नेट तो बंदच ठेवतो.
"असेल. नेटला लागेपर्यंत असेल."
"मग राहू द्या."

पिशवी उचलली, उन्हात गेली,
अर्ध्या रस्त्यातून परत आली.
"दादा, ते गाणं केवढं होतं?"
"केवढं म्हणजे?"
"किती वेळाचं."
बघून सांगितलं, चार मिनिटं अठरा सेकंद.
तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं,
बाजारातला भाव घरी न्यावा तसं.
पिनीचे दहा रुपये ठेवले, मी नको म्हणत असताना.

त्या रात्री शटर ओढता ओढता घड्याळ बघितलं.
नऊ एकवीस.
चार गाणी झाली असतील.
शटर अर्ध्यावर धरून उभा राहिलो.
समोर कुणाची तरी गाडी भरू राहिली होती,
एकेचाळीस, बेचाळीस, हमाल घड मोजत होता,
मधेच चुकला, शिवी घातली, पुन्हा चाळीसपासून.

नऊ सव्वीसला कुलूप लावलं.
थोडं उशिराच.
सेकंद मला धरता येत नाहीत.